दोन खुणा, चार खुणा

नाओमीनं एका बोटानं खुर्चीची पाठ ढकलली. खुर्ची टक करून पुढे झुकली. बोट काढलं, तशी टक करून मागे आली.

"ह्याच्यावर माझं बाळ ठेवणार?" तिनं विचारलं.

पडवीत बाबा, आई आणि मी उभे होतो. बाळ एका दिवसाचं होतं. आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी जन्मलं होतं. नाओमी माझ्या धाकट्या भावाची, रूबेनची बायको. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडे होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि आई तिला आत चल म्हणून खुणावत होती.

"बाळाला घटकाभरच ठेवतात," बाबा म्हणाले. "मग मांडीवर घेतात."

"घटकाभरात पडत नाही का?"

आमच्यात मुलाची मिला, म्हणजे सुंता, आठव्या दिवशी होते; ती करणारा तो मोहेल. तो दिवस पुढेमागे करता येत नाही. त्याआधी बाळाला एलियाहू हानाबीच्या खुर्चीवर ठेवतात. नबी स्वतः येऊन तिथे बसतो, असं आम्ही मानतो. एरवी तिच्यावर कोणीही बसत नाही. आमच्या मशिदीतली खुर्ची काळ्या शिसवीची होती. आमच्या वस्तीत सिनेगॉगला मशीदच म्हणतात. खुर्चीला हात नव्हते, पाठ उंच होती आणि बैठक माझ्या कमरेला लागेल एवढ्या उंचीवर. गल्लीत आमची तीनच घरं उरली होती. बाबा मशिदीचे मुकादम, म्हणजे कारभारी होते. पुसून ठेवायला म्हणून त्यांनी खुर्ची गल्ली ओलांडून घरी आणवली होती, तीच चूक झाली. मशिदीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती इतकी हलताना दिसत नसे.

"बाबा, राग मानू नका," नाओमी म्हणाली. "ठाण्याला माझ्या बहिणीच्या गल्लीत सिनेगॉग आहे. तिथे करू. मोहेल मुंबईहूनच यायचा आहे, त्याला तेच सोयीचं."

"ह्या घरातल्या प्रत्येक मुलाची मिला ह्या खुर्चीवर झालीय. तुझ्या नवऱ्याचीसुद्धा."

"तेव्हाही हलत होती?"

बाबा गल्लीकडे बघत राहिले. "पायाखाली पाचर मारू," शेवटी म्हणाले.

"पाचर निसटते."

ते खरं होतं. मुकादमाच्या नातवाची मिला ठाण्याला झाली, तर आमच्या मशिदीत पुन्हा कोणाची होणार नाही, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

"मी बघते," मी म्हणाले.

मी पुण्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. वय बत्तीस, लग्न केलेलं नाही, दोन आठवड्यांची रजा. सुतारकाम म्हणाल तर प्रयोगशाळेतली मोडकी स्टुलं दुरुस्त केली होती, तेवढंच.

नाओमीनं मला नीट पाहून घेतलं. "मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः तपासणार, मिल्काताई. हलली तर बुधवारी पहाटे आम्ही निघू."

"तपास."

"पण ती उघडायची नाही," बाबा म्हणाले. "माझ्या बापाच्याही आधीपासून ती कोणी उघडलेली नाही. लाकडानंच पीळ खाल्लाय. शिकंज्यात धर, तेल लाव, काय करायचं ते वरून कर."

लाकूड पीळ खातं, त्यात नवल नाही. पण मग तो पीळ एखाद्या तुकड्यात दिसायला हवा. दुपारभर मी एकेक तुकडा तपासला. पायांना, पट्ट्यांना शिवणाचा दोरा ताणून लावला. पुढच्या आणि मागच्या पट्टीवर एकेक फूटपट्टी उभी करून दोन्हींच्या कडा एका रेषेत येतात का, ते डोळा लावून पाहिलं. एकही तुकडा वाकलेला नव्हता. मग बैठकीचे कर्ण मोजले. बैठक पुढे रुंद आणि मागे निमुळती होती. असा आकार दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. एक अडुसष्ट सेंटिमीटर एक मिलिमीटर आलं, दुसरं एकोणसत्तर सेंटिमीटर पाच मिलिमीटर. चौदा मिलिमीटरचा फरक. तीन वेळा मोजलं, तीनदा तेच.

लाकूड सरळ होतं. खुर्ची वाकडी होती.

दोन्ही बाजूच्या पट्ट्या जिथे पायांना मिळत होत्या, तिथे काळी रेघ दिसली. नखानं खरवडल्यावर लाख आणि लाकडाचा भुसा निघाला. फट बुजवलेली होती. ज्यानं ही खुर्ची घडवली, त्यानं पाठीवर वेलबुट्टी कोरली होती. तो अशी फट सोडणार नाही.

आई भाकऱ्या करत होती. मी चुलीपाशी बसले.

"आई, ही खुर्ची कोणीतरी उघडलेली आहे."

तिनं भाकरी उलटली. "खाडीपलीकडे धाकू मिस्त्री राहतो. जिवंत आहे अजून."

"तो कोण?"

"तुझ्या आजोबांनी त्याला मशिदीच्या अंगणात चारचौघांत बोल लावला होता. एलियाहू हानाबीची खुर्ची बिघडवलीस म्हणून. रूबेनच्या मिलानंतर थोड्याच दिवसांनी. तू चार वर्षांची होतीस. तेव्हापासून तो गल्लीत आलेला नाही."

"बाबा तर म्हणतात, ती कोणी उघडलीच नाही."

"म्हणून तर तुला सांगतेय," आई म्हणाली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी तरीत बसून खाडी ओलांडली. धाकू मिस्त्री अंगणात एका तिवईचे पाय बसवत होता. सत्तरीचा, काटक, कानाला पेन्सिल. मी कोण ते सांगितलं. त्यानं काम थांबवलं नाही.

"मुकादमाची पोर. कोनी धाडली?"

"कोणी नाही. मीच आले. धाकूकाका, खुर्ची हलतेय."

"अठ्ठावीस वरसं हलतेय. आज बरी आठवन झाली!"

"कर्णांत चौदा मिलिमीटरचा फरक आहे. एकही तुकडा वाकलेला नाही."

त्यानं हातातली मोगरी खाली ठेवली. "तू मोजलंस?"

"तीनदा."

"मग बस," तो म्हणाला आणि आतल्या सुनेला चहा टाकायला सांगितला.

त्यानं सांगितलं ते असं. रूबेन जन्मण्याच्या महिनाभर आधी आजोबांनी खुर्ची त्याच्याकडे दिली होती. सांधे सैल झाले होते. त्यानं बाजूच्या दोन पट्ट्या काढल्या, जुना सरस खरवडला, चारही पट्ट्यांवर पटाशीनं खुणा केल्या. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ गेला. तेरा दिवस सुतक. हत्याराला हात लावायचा नव्हता. आणि त्याच आठवड्यात रूबेन जन्मला.

"तुमचा आठवा दिवस थांबनार नाय, माझं सुतक सुटनार नाय. तुझा बाप आला, म्हनाला, धाकू, तुकडे दे, मी जोडतो. मी दिले. सांगितलं, खुना बगून लाव. एक रेघ पुढची, दोन रेघा, तीन रेघा, चार रेघा, गोल. मिलाच्या दिवशी खुर्ची डुगडुगली. तुझा आजा माझ्या दारात नाय आला. सुतक फिटल्यावर मना बोलावून घेतला, अंगनात उभा केला आनि बोलला. तुझा बाप बाजूलाच होता."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हननार? जमिनीकडं बगत होता."

चहा आला. मी विचारलं, "खुणा फक्त पट्ट्यांवर केल्या होत्या? पायांवर नाही?"

"पाय मी काढलेच नव्हते. पुढचे दोन पुढच्या पट्टीला, मागचे दोन मागच्या पट्टीला. कशाला खुना करू?"

"आणि गोल म्हणजे कुठून कुठे?"

"कुठून कुठे काय, गो? देवाला फिरतो तसा!" तो उठला आणि तिवईला उजवा हात देऊन फिरून दाखवू लागला. "ही एक. ही दोन. ही तीन. ही चार."

दोन रेघांची पट्टी तिवईसमोर उभ्या असलेल्या माझ्या डाव्या हाताला आली.

बाबांनी आयुष्यात देवाला प्रदक्षिणा घातली नव्हती. ते रोज सकाळी हिब्रू प्रार्थना वाचत, उजवीकडून डावीकडे. पुढची एक मोजून झाल्यावर त्यांचा हात उजवीकडे गेला असणार. दोन आणि चार यांची अदलाबदल झाली होती. बैठक निमुळती असल्यानं दोन्ही पट्ट्यांची टोकं तिरपी कापलेली होती, एक दुसरीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी. चुकीच्या बाजूला त्या जोर लावूनच बसल्या असतील.

धाकूला मी हे सांगितलं. तो हसला नाही. "म्हनजे मी पन सांगायला चुकलो," एवढंच म्हणाला.

"तुम्ही येता?"

"नाय. सरस उकळत्या पान्याच्या वाफेला भितो, फडकी गुंडाळून वाफ दे. मोगरीला मऊ कापड बांध. बाकी तुज्या बापाला सांग."

घरी पोहोचले तेव्हा शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागायला दोन तास होते. बाबा पडवीत एकटेच होते. मी खुर्चीच्या बाजूला एक स्टूल ठेवलं आणि त्यांच्या हातात खडू दिला.

"बाबा, ह्याच्या चार बाजूंवर क्रमानं आकडे घाला. पुढून सुरुवात करा."

"कशाला?"

"घाला तर."

त्यांनी पुढे एक लिहिला. मग उजवीकडच्या बाजूवर दोन. तीन मागे. चार डावीकडे. मी ओला फडका घेऊन दोन आणि चार पुसले आणि त्यांच्या जागा बदलून पुन्हा लिहिले.

"धाकूकाका असे मोजतात," मी म्हणाले.

बाबा खडू हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या बोटांवरची पांढरी पूड सदऱ्याला लागली.

"तू तिकडे गेली होतीस."

"हो."

"मला वाटलं, लाकूड फिरलंय. खरंच वाटलं." मग म्हणाले, "निदान पहिले काही दिवस."

मी स्टूल उचललं.

"उद्या शब्बाथ," ते म्हणाले. "रविवारी उघड."

रविवारी मी वाफ दिली. किटलीची तोटी, तोटीला रबरी नळी, सांध्याभोवती फडकी. तासाभरात डावीकडच्या पट्टीचा सरस मऊ पडला आणि मोगरीच्या चार ठोक्यांनी ती सुटली. आतल्या बाजूला चार रेघा होत्या. उजवीकडची मात्र हलेना. दोन तास वाफ दिली. पाण्याचे थेंब पायावरून ओघळत होते. मी जोर वाढवला तेव्हा लाकडातून बारीक कडकड ऐकू आली आणि मी हात मागे घेतला. पट्टीत केसाएवढी चीर गेली होती.

लाख खरवडून पाहिलं. आत खिळा होता. गंजून लाकडाशी एक झालेला.

"तो मी मारला," मागून बाबा म्हणाले. "बसेना, म्हणून."

नाओमी खिडकीतून बघत होती. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं होतं. "ठाण्याला ताईला फोन करून तयारी ठेवायला सांगू का?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"मंगळवार अजून यायचाय," मी म्हणाले. पण त्या खिळ्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. पट्टी फुटली असती, तर तशी शिसव दोन दिवसांत मिळाली नसती. मी बाबांकडे वळले. "मी धाकूकाकांना आणायला जाते."

"तू बोलावून तो येणार नाही."

"मग?"

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली. त्यांचे गुडघे दुखत. तरीत चढायला चिखलातून चालावं लागे. मी बरोबर येऊ का म्हणाले, तर त्यांनी हातानंच नको सांगितलं. ते संध्याकाळी परतले, पायजमा पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेला.

"येतोय उद्या," एवढंच म्हणाले. तिकडे काय बोलणं झालं, ते मला आजही माहीत नाही.

सोमवारी सकाळी धाकू मिस्त्री पेटी खांद्यावर घेऊन गल्लीत शिरला. शेजारच्या पेणकरांच्या घरातली म्हातारी ओट्यावर येऊन बघत उभी राहिली. धाकूनं खिळा पाहिला आणि बाबांना म्हणाला, "शलोमशेट, ह्यो खिळा खुर्चीला मारलाव का होडीला?"

बाबा पहिल्यांदाच हसले.

त्यानं एक सळई चुलीत लाल केली आणि खिळ्याच्या डोक्याला टेकवली. थंड होऊ दिली. पुन्हा टेकवली. तापला की खिळा फुगणार, निवला की आक्रसणार, गंजाची पकड सुटत जाणार. मी हे वर्गात शिकवत होते. तो ते न बोलता करत होता. पाचव्या खेपेला पकडीनं खिळा दातासारखा उपटला. पट्टी सुटली; आतल्या बाजूला दोन रेघा होत्या.

पट्ट्यांच्या जागा बदलल्या. दोन्ही आपापल्या खाचेत अशा गेल्या की मोगरीची गरज पडली नाही. मी कर्ण मोजले. अडुसष्ट सेंटिमीटर सात, अडुसष्ट सेंटिमीटर आठ.

"किती फरक?" धाकूनं विचारलं.

"एक मिलिमीटर."

"तो तुझ्या पट्टीचा," तो म्हणाला.

चिरेत आणि सांध्यांत सरस लावला, काथ्याच्या दोरीचा फास घातला, काठीनं पीळ देऊन आवळला आणि दीड दिवस कोणी हात लावायचा नाही असं ठरलं.

मंगळवारी चार वाजता धाकूनं येऊन दोरी सोडली. खुर्ची फरशीवर उभी केली. मी पाठीवर हात ठेवला.

टक.

रूबेन त्याच दुपारी मुंबईहून आला होता. "हे काय?" तो म्हणाला. "मग केलं काय तुम्ही एवढे दिवस?"

मी खाली बसून चारही पाय मोजले. तीन सारखे होते. पुढचा उजवा पाच मिलिमीटर आखूड. पहिल्या दिवशी मी सगळं मोजलं होतं, फक्त पायांची लांबी सोडून. चार पाय सारखे असणार, हे गृहीत धरलं होतं. विद्यार्थ्यानं असं केलं असतं, तर मी त्याला नापास केलं असतं.

"हा कापलाय," धाकू म्हणाला. "करवतीची रेघ बग."

"मिलाच्या सकाळी," बाबा म्हणाले. "हलत होती. हा पाय लांब वाटला."

वाकडी खुर्ची सरळ व्हावी म्हणून तिचा पाय कापला होता. आता खुर्ची सरळ झाली आणि पाय आखूड पडला.

"बाकीचे तीन तेवढेच कापा आणि मोकळे व्हा," रूबेन म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "आता काही कापायचं नाही. ह्या एकाला जोडायचं."

"वाळायला वेळ कुठाय?"

"सरस न लावता." मी धाकूकडे वळले. "बाजूनं सरकवत बसवता येईल? वरच्या वजनानं आणखी घट्ट होईल असं?"

धाकूनं कानाची पेन्सिल काढली. पायाच्या बुडात माशाच्या शेपटीसारखी खाच आखली आणि पेटीतून शिसवीचा एक तुकडा निवडला. त्याला तास लागला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. तुकडा सरकून बसला तेव्हा तोंडाशी फट नव्हती. मग तो तुकडा अर्धा अर्धा मिलिमीटर घासत, दर वेळी मी मोजत, सहा वाजून गेले.

नाओमी बाहेर आली. कोणाशी न बोलता तिनं काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी बैठकीवर ठेवली. मग एकेक करून चारही कोपऱ्यांवर दोन्ही हातांनी भार दिला. पाठ ढकलली. पुढून ओढली. वाटीतलं पाणी थरथरलं, सांडलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि वाटी घेऊन आत गेली.

बुधवारी दहा वाजता मी बाळाला घेऊन गल्ली ओलांडली. बाळाच्या आईकडून घेऊन मशिदीच्या दारापर्यंत नेणं आत्याकडे होतं. दारात मी त्याला रूबेनच्या हातात दिलं आणि तिथेच थांबले. धाकू मिस्त्री बाहेरच्या पायरीवर उभा होता, धुतलेला सदरा घालून. आत अलिबाग, रेवदंड्याहून आलेली पंधरा-सोळा माणसं होती. त्यांतले चौघे-पाचजण अठ्ठावीस वर्षांपूर्वीही तिथे होते.

रूबेननं बाळ बाबांकडे दिलं. बाबा खुर्चीपाशी गेले आणि थांबले. मोहेलनं घड्याळ बघितलं.

"मुकादम, वेळ होतेय."

"अठ्ठावीस वर्षं झालीत," बाबा म्हणाले. "दोन मिनिटं थांबा."

मग ते लोकांकडे वळून म्हणाले, "ही खुर्ची धाकू मिस्त्रीनं बिघडवली नव्हती. मी जोडली होती, उलटी. खिळा मी मारला, पाय मी कापला. माझ्या वडिलांनी ह्याच अंगणात धाकूला बोल लावला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. मला माहीत होतं. मी बोललो नाही. काल ती धाकूनं आणि मिल्कानं सरळ केली."

पेणकरांच्या म्हाताऱ्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. मागोमाग आणखी दोघांनी पाहिलं. धाकूनं पायरीवर उभ्या उभ्या दोन्ही हात जोडले. नमस्कार कोणाला केला, ते मला कळलं नाही.

बाबांनी बाळाला बैठकीवर ठेवलं आणि दोन्ही हात काढून घेतले. सगळे बाळाकडे बघत होते. धाकू आणि मी खुर्चीच्या पायांकडे.

त्यानंतर बाळ खूप रडलं. मी त्याला परत नेलं तेव्हा नाओमीनं आधी विचारलं, "हलली?"

"नाही."

"बाबांचा आवाज इथपर्यंत आला," ती बाळाला घेत म्हणाली. "रूबेनला हे माहीत होतं?"

"नव्हतं."

"ह्याला सांगायला हवं. मोठा झाला की."

तो आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि पुढच्या महिन्यात बाप होणार आहे. बाबा आणि धाकूकाका दोघेही राहिले नाहीत, म्हणून हे मी लिहून ठेवलं. त्या सकाळी बाबा बोलत होते, तेव्हा त्यांच्या सगळ्यात जवळ तोच होता, आणि तो झोपला होता.